भाकरी लाजेची नव्हे, आरोग्याची!

खानदेशच्या जुन्या ताटातून वजन व साखर आटोक्यात कशी ठेवावी?



बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आणि आपला समाज शिकला. जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांतून, गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून मुले बाहेर पडली. कोणी भुसावळला रेल्वेत लागला, कोणी वरणगावच्या आयुध निर्माणीत, कोणी दीपनगरच्या वीज केंद्रात, कोणी एस.टी.त, तर कोणी शिक्षक झाला. पत्र्याच्या घरांच्या जागी स्लॅबची घरे आली. हे परिवर्तन सोपे नव्हते आणि त्याचा अभिमान आपण बाळगलाच पाहिजे.

परंतु या सुबत्तेच्या पाठोपाठ एक पाहुणा न बोलावता घरात शिरला आहे. विहारात वंदना आटोपली की भगिनी आपसांत काय बोलतात ते ऐकावे. एकीचे गुडघे दुखतात, दुसरीची साखर वाढली आहे, तिसरीला रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुरुषांची पोटे सुटली आहेत. पस्तिशी-चाळिशीतच मधुमेहाचे निदान होत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक लोक आहेत.

मधुमेह काय करतो हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. खुद्द बाबासाहेबांना या रोगाने छळले. पायांच्या असह्य वेदना आणि रक्तदाब हेही त्यांच्या मागे होते. १९४८ साली त्यांच्या जीवनात आलेल्या डॉ. सविता ऊर्फ माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या व त्यांनी त्यांचे पथ्यपाणी सांभाळले. तरीही ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी, आपण त्यांना गमावले. आज आपल्या हाती जी माहिती व साधने आहेत ती वापरून घरातले माणूस सांभाळणे हे आपले कर्तव्य ठरते.

त्यासाठी महागडे औषध किंवा परदेशी पावडर लागत नाही. आपल्याच आजी-आईच्या चुलीवर जे शिजत होते, त्यातच बरेचसे उत्तर आहे. मात्र त्या ताटाकडे लाज सोडून पाहावे लागेल, आणि डोळसपणेही पाहावे लागेल.

ताट कसे बदलले?

एके काळी खानदेशात घरोघर ज्वारीची भाकरी होती. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी तर प्रसिद्धच! भाकरीबरोबर उडदाची डाळ, ठेचा, हिवाळ्यात भरीत, पोकळा-अंबाडीसारखी पालेभाजी. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाचे हे जेवण. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, ती पिढी अजून आपल्यात आहे. त्या पिढीने मनाशी ठरवले की आपल्या लेकरांना हे खावे लागू नये. भावना योग्यच होती.

पण त्या भावनेच्या भरात भाकरी गरिबीची खूण ठरली आणि पांढरा भात, मैद्याची पोळी, पाव, खारी, टोस्ट, बिस्कीट हे सुधारणेचे लक्षण ठरले. पाहुणे आले तर भाकरी वाढायला संकोच वाटू लागला. शेतकऱ्यानेही ज्वारी कमी करून कापूस, केळी, मका लावला. काम मात्र शेतातून खुर्चीवर आले. अंगमेहनत घटली, चहा-साखर वाढली, तेल वाढले. मग वजन वाढले तर नवल कसले?

येथे एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडून द्या असे निक्षून सांगितले. त्यांचा रोख होता तो लाचारीवर. येसकराने गावात फिरून दारोदार मागून आणलेली भाकरी अपमानाची होती, कारण ती मागून आणलेली होती. त्यात ज्वारीचा काय दोष? स्वतःच्या कष्टाने विकत घेतलेल्या धान्याची, स्वतःच्या घरात, स्वच्छ हातांनी थापलेली भाकरी ही स्वाभिमानाचीच भाकरी आहे. लाचारी टाकताना आपण धान्यही टाकून दिले. ते परत घ्यायला हवे.

ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे काय?

डॉक्टरांच्या तोंडी हल्ली ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ हा शब्द येतो. मराठीत त्याला शर्करा निर्देशांक म्हणू. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात डॉ. डेव्हिड जेनकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. ती अशी.

भात, भाकरी, बटाटा, फळ या सर्वांत पिष्ट किंवा साखर असते. पचनानंतर त्याची साखर होऊन ती रक्तात उतरते. काही पदार्थांची साखर झपाट्याने उतरते, काहींची संथपणे. शुद्ध ग्लुकोजला १०० गुण धरायचे आणि बाकीच्या पदार्थांना त्या मानाने गुण द्यायचे. ५५ किंवा त्याहून कमी तो निर्देशांक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० वा त्याहून जास्त तो उच्च.

आंतरराष्ट्रीय तक्त्यांतील काही ठोकळ आकडे पाहा. मैद्याचा पाव ७५, उकडलेला बटाटा ७८, पांढरा भात ७० च्या पुढे. गव्हाच्या कणकेची पोळी ५० ते ६० च्या आसपास. पिकलेले केळे सुमारे ५०. हरभरा व मसूर ३० च्या आगेमागे. डाळी व कडधान्ये जवळजवळ सगळीच तळाशी.

झपाट्याने साखर चढली की शरीर इन्सुलिन सोडून ती खाली आणते. मग अनेकांना लवकर भूक लागते आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. संथ उतरणारे अन्न पोटात जास्त वेळ टिकते. त्यात बहुधा तंतू व प्रथिनेही जास्त असतात, म्हणून थोडक्यात पोट भरते. वजन घटवण्यासाठी या अन्नाचा उपयोग आहे तो असा. युरोपातील आठ देशांत झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की एकदा घटवलेले वजन पुन्हा वाढू न देण्यास जास्त प्रथिने व कमी निर्देशांकाचा आहार अधिक उपयोगी पडला.

जाता जाता एक खुलासा. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली ‘जीआय’ मिळाले अशी बातमी आपण वाचली असेल. ते जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. त्याचा या साखरेच्या हिशेबाशी संबंध नाही. दोन्हींची इंग्रजी अक्षरे तेवढी सारखी!

कळण्यातले शहाणपण

आता ज्वारीविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. निव्वळ ज्वारीच्या भाकरीचा निर्देशांक निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळा आला आहे. काहींत मध्यम, तर काहींत चक्क उच्च. म्हणजे नुसती ज्वारी म्हणजे औषध अशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका. उष्मांकांतही फारसा फरक नाही. १०० ग्रॅम तांदूळ, गहू किंवा ज्वारी, प्रत्येकात सुमारे ३२० ते ३५० उष्मांक असतात. फरक आहे तो तंतूंचा. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाहीत.

पण खानदेशी बाई नुसती ज्वारी कोठे दळत होती? ती ज्वारीत सालीसकट उडीद घालून कळणा दळून आणत होती. उडदात २० टक्क्यांहून अधिक प्रथिने, वर सालीचा कोंडा. कडधान्य मिसळले की पिठाची साखर संथ उतरते. ज्वारीत नसलेला चिकटपणा उडदाने येतो, म्हणून भाकरी थापतानाही तुटत नाही. धान्यात जी प्रथिने उणी, ती कडधान्यात भरपूर असतात आणि दोघे मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. प्रयोगशाळेत न जाता आपल्या मायबहिणींनी शोधलेला हा मार्ग आजच्या शास्त्राच्या कसोटीलाही उतरतो.

शिवाय आणखी चार गोष्टी निर्देशांक खाली आणतात. पीठ मैद्यासारखे वस्त्रगाळ न करता जाडसर ठेवणे, ही पहिली. आंबटाची साथ, म्हणजे ताक, लिंबू, चिंच किंवा अंबाडी, ही दुसरी. जेवताना आधी भाजी-डाळ व मग भात-भाकरी, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे शिजवलेले पिष्ट थंड होऊ देणे. थंड झाल्यावर पिष्टाचा काही भाग असे रूप घेतो की तो लहान आतड्यात पचत नाही, जवळजवळ तंतूसारखे काम करतो. म्हणून रात्री आपल्याच घरी केलेली भाकरी सकाळी दह्याशी खाल्ली तर त्यात कमीपणा नाही, फायदाच आहे. मात्र भाकरी स्वच्छ फडक्यात, कोरडी ठेवलेली असावी. भाताचे तसे नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात शिळा भात बाहेर ठेवून खाणे धोक्याचे. उरलाच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.

घरी करून पाहा

*कळण्याची भाकरी.* दादर किंवा साधी ज्वारी १ किलो, सालीसकट उडीद पाव किलो, मेथीदाणे २ चमचे व चवीपुरते मीठ. ज्वारी व उडीद निवडून, उन्हात तापवून एकत्र दळून आणावेत. गिरणीवाल्यास पीठ फार बारीक नको म्हणून सांगावे. कोमट पाण्यात पीठ चांगले मळून, मध्यम आकाराची भाकरी थापून तव्यावर व मग आचेवर भाजावी. एका भाकरीस ६० ग्रॅम, म्हणजे मोठी मूठभर पीठ पुरे. आपल्याकडच्या परातभर भाकरीला १०० ग्रॅमही पीठ लागते, हे ध्यानात ठेवावे.

*कमी तेलाचे भरीत.* चौघांसाठी भरिताची हिरवी-पांढरी वांगी १ किलो, हिरव्या मिरच्या ५-६, लसणाच्या १०-१२ पाकळ्या, कांद्याची पात एक जुडी, कोथिंबीर, भाजलेले शेंगदाणे २ चमचे, तेल ३ चमचे, मीठ. वांग्यांना टोचे मारून ती विस्तवावर खरपूस भाजावीत. शेतात असाल तर काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची चव काही औरच. साल काढून गर ठेचावा. मिरची-लसूण भाजून त्याचा ठेचा करावा. तेलात पात परतून ठेचा, दाणे व गर घालावा, दोन वाफा आणाव्यात. एरवी भरितावर तेलाचा तवंग दिसल्याशिवाय समाधान होत नाही. पण वांग्याला तेल कितीही दिले तरी ते पिऊन टाकते, म्हणून हात आखडता घ्यावा. भरिताबरोबर पुरीऐवजी कळण्याची भाकरी घ्यावी.

*पातोडीची भाजी.* शेवभाजीची आठवण येते तेव्हा ही करावी. बेसन दीड वाटी, पाणी तीन वाट्या, जिरे, हळद, तिखट, मीठ. चमचाभर तेलाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात पीठ हळूहळू घालून घोटावे, गुठळी होऊ देऊ नये. झाकण ठेवून वाफ आणावी. ताटलीला तेलाचा हात फिरवून मिश्रण थापावे व वड्या कापाव्यात. रश्श्यासाठी कांदा व थोडे सुके खोबरे भाजून लसूण-आल्यासह वाटावे, दोन चमचे तेलात परतून काळा मसाला घालावा, पाणी घालून उकळावे आणि वाढताना वड्या सोडाव्यात. हरभऱ्याच्या पिठाचा निर्देशांक कमी आणि तळणही नाही.

याशिवाय मठाची, मुगाची मोड आलेली उसळ, सालीच्या उडदाची डाळ, चवळी, हिवाळ्यात ओल्या तुरीचे दाणे हे आलटून पालटून असावे. ताटात निम्मा भाग भाज्यांचा असावा: गिलके, दोडके, गंगाफळ, मेथी, पोकळा, काकडी, मुळा. पाव भाग डाळ-उसळ किंवा अंडे-मासळी, आणि उरलेला पाव भाग भाकरी किंवा भात. आज बहुतेक घरी हे प्रमाण नेमके उलटे आहे.

येथे फसू नका

कमी निर्देशांक म्हणजे पोटभर खाण्याचा परवाना नव्हे. एका भाकरीचा निर्देशांक आणि तीन भाकरींचा निर्देशांक सारखाच असतो! पण पोटात पिष्ट जाते ते तिप्पट.

दुसरी फसगत तेलाची. तेलामुळे पोट हळू रिकामे होते, म्हणून तळलेल्या पदार्थाचा निर्देशांक कमी दिसू शकतो. उकडलेल्या बटाट्यापेक्षा बटाट्याच्या वेफर्सचा आकडा कमी भरतो. म्हणून वेफर्स पथ्याचे झाले काय? शेवभाजीतली शेव बेसनाचीच, पण ती तेलात तळलेली आणि पुन्हा तेलाच्या तर्रीत बुडालेली. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १५ मिलीलिटर तेलात, १२० च्या वर उष्मांक असतात. चौघांच्या घरात महिन्याला तीन किलोच्या आत तेल बसवावे. शेंगदाण्याचा निर्देशांक अगदी कमी, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक. मूठभर ठीक, खिसाभर नको.

केळीच्या जिल्ह्यात राहून केळे वर्ज्य करायचे काय? नाही. फार पिकलेल्यापेक्षा किंचित कडक केळे बरे, कारण केळे पिकते तसतसे त्यातील पिष्टाची साखर होत जाते. एका वेळी एक लहान केळे, तेही जेवणावर नव्हे, मधल्या वेळी. मधुमेह असल्यास अर्धे. तळलेले केळ्याचे वेफर्स मात्र फळात धरू नयेत.

आणि साबुदाणा! देवाधर्माचे उपास आपण १९५६ सालीच सोडले, पण साबुदाण्याची खिचडी मात्र घरात राहून गेली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने नाहीत, तंतू नाहीत. तो नाश्त्यातून काढून त्या जागी मठाची उसळ आणावी.

चहाचा हिशेब स्वतः करून पाहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम साखर, १६० उष्मांक. महिन्याला ४,८०० उष्मांक झाले. शरीरातील किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांक. बाकी काहीही न बदलता केवळ चहातली साखर सोडली तर कागदावर तरी महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक वजनाचा हिशेब लागतो. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा.

राजा प्रसेनजिताचे वजन

प्रमाणाविषयी तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जे सांगितले ते संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात आले आहे. कोसलचा राजा प्रसेनजित दोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो भगवंतांपाशी येऊन बसला. भगवंतांनी त्याला झिडकारले नाही, उपासही सांगितला नाही. जागरूक राहून, मिळालेल्या अन्नातही प्रमाण ओळखणाऱ्याच्या व्याधी कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले व त्यासाठी रोजचे वेतन ठरवले. हळूहळू राजाचा भात नाळीभरावर आला. अंग हलके झाल्यावर त्याने स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत भगवंतांविषयी कृतज्ञता व्यक्त केली.

अट्ठकथेत तर रीतही दिली आहे. शेवटचा घास राहिला की सुदस्सनाने गाथा म्हणावी, राजाने तो घास सोडावा आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या शितांच्या हिशेबाने तांदूळ कमी शिजवावेत. आजचा आहारतज्ज्ञ तरी याहून वेगळे काय सांगेल? अन्न एकदम तोडायचे नाही, घासाघासाने कमी करायचे. चार भाकरी खाणाऱ्याने या आठवड्यात साडेतीन कराव्यात, पुढच्या पंधरवड्यात तीन. ज्वारी कमी पडेल तेथे उसळ आणि भाजी वाढवावी. आणि घरात कोणीतरी सुदस्सन असावा. ते काम नातवंडे मोठ्या हौसेने करतात!

पौर्णिमेला उपोसथ पाळणाऱ्या उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. एरवीही रात्री उशिरा जेवून लगेच झोपण्याची सवय सोडून सूर्यास्ताच्या सुमारास जेवण उरकले तर उत्तम. मात्र मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाची वेळ टाळू नये. साखर एकदम उतरून घेरी येऊ शकते व ते जिवावरही बेतू शकते.

रेशन आणि खिसा

येथे कोणी विचारील, ज्वारी परवडते कोणाला? प्रश्न रास्त आहे. रेशनवर मिळतो मुख्यतः गहू आणि तांदूळ. बाजारात ज्वारी गव्हाहून महाग असते. यावर उपाय असा. गहू तर हाती आहेच. चार किलो गव्हात एक किलो हरभरे मिसळून, चाळून कोंडा न टाकता पोळी करावी. जमेल तेव्हा किलोभर ज्वारी घालावी. रेशनचा तांदूळ नुसता शिजवण्यापेक्षा दोन वाट्या तांदळास दीड वाटी सालीची मूगडाळ व भरपूर भाजी घालून खिचडी करावी व ताकाशी खावी. मोड आलेले कडधान्य हे मटण-चिकनपेक्षा कितीतरी स्वस्त प्रथिन आहे. बिस्किटाचे पुडे, खारी आणि थंड पेयांच्या बाटल्या यांवर महिन्याला किती खर्च होतो ते एकदा लिहून काढावे. ज्वारीचे पैसे तेथेच सापडतील.

बारीक माणसानेही सावध असावे

वजन कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता-बालकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. भारतीय बाळ जन्मतः वजनाने कमी असले तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यांनी दाखवून दिले. आईच्या पोटात असतानाची उपासमार आणि पुढे एकाएकी आलेली सुबत्ता, यांच्या मेळातून मधुमेहाचा धोका वाढतो असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी काढल्या, त्याने हे मनावर घेतले पाहिजे. कमरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. ही तपासणी तेथे मोफत होते.

घाई करू नये. महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा अधिक वजन घटवण्याच्या मागे लागू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले आणि आधीच अशक्त असलेले वृद्ध यांनी वजन घटवण्याचे प्रयोग करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळी-उसळी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि घरातल्या बाईने सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची रीत बंद करावी. पातेल्यातला उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलणे आणि भाजी संपली म्हणून नुसत्या ठेच्याशी भाकरी खाणे, यातूनच तिचे वजन वाढते व अंगातले रक्त कमी होते. तिचे ताट सर्वांबरोबर वाढले गेले पाहिजे. समता स्वयंपाकघरातही हवी.

आहाराला चालण्याची जोड द्यावी. चेन्नईत झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार सुधारला व नियमित हालचाल ठेवली, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही! धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात १९३७ साली बाबासाहेबांचा मुक्काम झाला होता. त्या स्मृतीसाठी दर वर्षी ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. त्या दिवशी टेकडी चढताना आपल्याला किती दम लागतो, यावरूनही आपल्या तब्येतीची परीक्षा होते. रोज अर्धा तास चालणारा माणूस पुढच्या वर्षी ती सहज चढेल.

विहारापासून सुरुवात

एकट्या घराने पथ्य पाळणे अवघड जाते. पंगतीत बुंदी, जिलेबी, मसालेभात, तळलेल्या पुऱ्या आणि घरी येऊन पथ्य, हे जमत नाही. म्हणून सुरुवात विहारापासून, महिला मंडळापासून व्हावी. वर्षावासातील धम्मप्रवचनानंतरच्या भोजनदानात कळण्याची भाकरी, उडदाची डाळ आणि काकडीची कोशिंबीर ठेवता येईल. १४ एप्रिलला खानदेशात ऊन मी म्हणत असते. मिरवणुकीच्या वाटेवर साखरेचे सरबत वाटण्याऐवजी जिरे-मीठ घातलेले ताक वाटावे. महिन्यातून एका पौर्णिमेस विहारात वजनकाटा व कमरेचा टेप ठेवावा, एखाद्या परिचारिका भगिनीने साखर तपासावी. आपल्या समाजात परिचारिका, डॉक्टर, औषधनिर्माते आज पुष्कळ आहेत. समाजाचे ऋण फेडण्याचा हा एक सोपा मार्ग आहे.

आपल्या आजीने कळणा दळला तो परिस्थितीमुळे. आपण दळावा तो समजून-उमजून. ज्या शरीराने चळवळ पुढे न्यायची ते शरीर निरोगी ठेवणे, हेही चळवळीचेच काम आहे. या आठवड्याच्या बाजारात खारी-टोस्टच्या पुड्याऐवजी पाव किलो उडीद आणि किलोभर दादर पिशवीत पडू द्या. पीठ दळून आणा, भाकरी थापा, आणि पाहुणे आले तर त्यांनाही तीच अभिमानाने वाढा.

जयभीम! नमो बुद्धाय!